वृद्धांचें ताट आणि घरची ज्वारी

सोलापूर जिल्ह्याची ओळख ज्वारीनें आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. मोहोळ येथें निवडलेला मालदांडी ३५-१ हा वाण दख्खनच्या रब्बी रानांत दूरवर पसरला. आणि संयुक्त राष्ट्रसंघानें २०२३ हें वर्ष भरड धान्यांचें म्हणून पाळलें. धान्याचा असा गौरव होत असतां, तें ज्यांनीं जन्मभर पिकविलें त्या वृद्ध माणसांच्या ताटांतून मात्र तेंच धान्य उठूं लागलें आहे. उंसाचे अथवा डाळिंबाचे पैसे घरांत आले कीं भाकरी गड्याची व पोळी-भात मालकाचा, असा समज बळावतो. त्यांत म्हाताऱ्यांस मऊ पाहिजे ह्या सबबीवर सकाळीं चहा-बिस्किट आणि दोन्ही वेळां पांढरा भात असा क्रम सुरू होतो. ही माया खरी, परंतु हिताची नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आंकडे २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणें देशांत मधुमेहाचे रोगी सुमारें १० कोटि १० लक्ष आहेत. त्याच पाहणीवरून २०२५ सालीं निघालेल्या निबंधांत असें दाखविलें आहे कीं, आपल्या लोकांस अन्नांतून मिळणाऱ्या उष्मांकांपैकीं शेंकडा ६२ पिष्टमय पदार्थांतून येतात, व त्यांत पांढरा तांदूळ, दळलेलें धान्य आणि साखर ह्यांचाच भरणा अधिक असतो.

आतां भाकरींत अधिक काय आहे तें पाहूं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ सालच्या कोष्टकांप्रमाणें १०० ग्रॅम ज्वारींत सुमारें १० ग्रॅम चोथा असतो. सडलेल्या तांदुळांत तो ३ ग्रॅमहि भरत नाहीं. आणि अख्ख्या हरभऱ्यांत सुमारें २५ ग्रॅम असतो. प्रौढ माणसाच्या पोटांत दररोज निदान २५ ग्रॅम चोथा जावा, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं सांगितलें आहे. हा चोथा माणसास पचत नाहीं म्हणून तो व्यर्थ, असें कोणी समजूं नये. मोठ्या आंतड्यांत असंख्य सूक्ष्म जंतूंची वस्ती असते व चोथा हा त्यांचा चारा होय. तो आंबवून ते जीं स्निग्धाम्लें तयार करितात, त्यांपैकीं ब्यूटिरेट हें आंतड्याच्या अस्तराचें पोषण करितें. चारा तुटला म्हणजे हेच जंतू अस्तरावरील संरक्षक थर खाऊं लागतात, असें उंदरांवरील प्रयोगांत दिसून आलें आहे. रानास शेणखत न घालतां केवळ युरियावर पीक काढीत गेल्यास जमिनीची काय दशा होते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. पोटाचेंहि तसेंच आहे.

शिवाय चोथ्यामुळें साखर रक्तांत सावकाश उतरते. कांहीं जातींचा चोथा पित्तरस आपल्याबरोबर बाहेर नेतो; तो भरून काढण्यासाठीं यकृत रक्तांतील कोलेस्टेरॉल वापरतें, व त्याचा लाभ हृदयास होतो. साठीनंतर श्रम घटतात, स्नायू झडतात व साखर जिरविण्याची शक्ति मंदावते. म्हणून ह्या वयांत अन्नाची निवड अधिकच महत्त्वाची ठरते.

परंतु ज्वारीचा नुसता जयजयकार करणें हेंहि योग्य नव्हे. वर सांगितलेल्या २०२५ च्या निबंधांतच असें आढळलें कीं, पांढऱ्या धान्याच्या जागीं तितकेंच अख्ख्या गव्हाचें वा भरड धान्याचें पीठ खाणाऱ्यांत मधुमेहाचा धोका कमी दिसत नाहीं. पिष्टाचा एकूण वांटा थोडा घटवून त्या जागीं डाळी-कडधान्यें अथवा दूध-ताक घेणाऱ्यांत तो कमी दिसतो. ह्याचें तात्पर्य हें कीं, वृद्धांच्या ताटांत भाकरी असावी, पण एक कमी. आणि तिच्या जागीं वाटीभर मटकी, हरभरा किंवा तुरीचें वरण असावें.

कोणी म्हणेल, दांत नाहींत त्यांनीं भाकरी कशी खावी? ती आमटींत कुस्करावी, ज्वारीच्या कण्या शिजवाव्या, ताकांतील आंबील करावी. मात्र पीठ चाळून कोंडा टाकूं नये. चोथा एकदम वाढविल्यास पोटांत वायु धरतो, तेव्हां तो हळूहळू वाढवावा व पाणी पुरेसें प्यावें. मधुमेहाचें औषध चालू असेल त्यानें डॉक्टरास विचारूनच आहार बदलावा.

दुसरा आक्षेप असा कीं ज्वारी परवडत नाहीं, काढणीस मजूर मिळत नाहींत. हें खरें आहे, व ऊंस मोडून ज्वारी पेरा असें आम्ही म्हणत नाहीं. पण हिशेब करून पाहावा. माणशीं दररोज २०० ग्रॅम धरल्यास वर्षास ७३ किलो, म्हणजे सहा माणसांच्या घरास साडेचार क्विंटलांच्या आंतच ज्वारी लागते. चांगल्या काळ्या रानांत साधारण वर्षीं एवढें धान्य एक-दीड एकरांत निघतें. कडबा जनावरांस मिळतो तो वेगळाच.

आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. सात-बाराच्या उताऱ्यांत पिकासाठीं रकाना आहे. पिकविणाऱ्याच्या ताटासाठीं नाहीं. तो ज्यानें त्यानें आपल्या घरीं भरावयाचा असतो. दामाजीपंतांनीं दुष्काळांत सरकारी कोठारें लोकांस खुलीं केलीं, अशी कथा मंगळवेढ्यांत सांगतात. आपणांस तर आपलेंच कोठार आपल्याच आईबापांसाठीं राखावयाचें आहे. येत्या रब्बीस प्रत्येक खातेदारानें घरापुरती ज्वारी व तिच्या शेजारीं हरभरा पेरावा, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.