शिळ्या कढीला ऊत? मुळीच नाही!

मंडळाच्या दिवाळीत जेवणाच्या रांगेत उभे असताना आमच्या एका स्नेह्यांनी निकाल देऊन टाकला, "दुसरा भाग म्हणजे शिळ्या कढीला ऊत! सिनेमा असो, कादंबरी असो, नाहीतर तुमचे ते व्हिडिओ गेम." आणि उदाहरण म्हणून नेमके 'सायलेंट हिल'चे नाव घेतले. हातात श्रीखंडाची वाटी होती म्हणून मी गप्प बसलो. आता संपादकांनी जागा दिली आहे, तेव्हा बोलतोच.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जपानच्या कोनामी कंपनीचा 'सायलेंट हिल' १९९९ साली प्लेस्टेशनवर आला. हॅरी मेसन हा लेखक सात वर्षांच्या मुलीला घेऊन सुट्टीसाठी निघतो, वाटेत गाडीला अपघात होतो, आणि शुद्धीवर येऊन पाहतो तर मुलगी बेपत्ता. धुक्याने भरलेल्या ओसाड गावात बाप तिला शोधत फिरतो. जवळ एक विजेरी आणि एक छोटा रेडिओ; काही भयंकर जवळ आले की रेडिओ खरखरू लागतो. त्या यंत्राला दूरवरचा देखावा रेखाटणे झेपत नव्हते. ती उणीव झाकायला धुके कामी आले आणि तेच खेळाचा प्राण ठरले. पहिला भाग थोर आहे, हे मी आधीच मान्य करतो. त्यातल्या शाळेतल्या पियानोच्या कोड्याची सर दुसऱ्या भागातल्या एकाही कोड्याला नाही, हेही मान्य.

दुसरा भाग २००१ साली आला. गाव तेच, धुके तेच, संगीतकार अकिरा यामाओकाही तेच. पण हॅरी नाही, त्याची मुलगी नाही. जेम्स संडरलंड नावाच्या माणसाला बायकोचे पत्र येते, की मी या गावात तुझी वाट पाहते आहे. बायको तर तीन वर्षांपूर्वी आजारात गेलेली!

"पहिल्याशी काही संबंधच नाही," ही स्नेह्यांची मुख्य तक्रार. अहो, तेच तर त्याचे मोठेपण! हॅरीची गोष्ट संपली होती. तीच लांबवली असती तर शिळी कढी झाली असती.

पहिल्या भागात संकट बाहेरचे आहे. गावात एक पंथ आहे, त्याला आपले दैवत जन्माला घालायचे आहे, आणि बिचारा हॅरी त्यात सापडतो. दुसऱ्या भागातली भुते जेम्सच्या मनातून आलेली आहेत. लॉरा नावाची लहान मुलगी त्याच रस्त्यांवरून निर्धास्त हिंडते, कारण तिच्या मनात लपवण्यासारखे काही नाही.

शेवटांचेही तसेच. दोन्ही खेळांना अनेक शेवट आहेत. पहिल्यात ते तुम्ही कोणाला वाचवले यावर ठरतात. दुसऱ्यात खेळ गुपचूप तुमचा स्वभाव पाहतो: जखमी असूनही औषध न घेता किती वेळ फिरलात, बायकोचा फोटो काढून पाहिलात का, दुसऱ्याच कोणाचा सुरा पुन्हा पुन्हा न्याहाळलात का. त्यावरून जेम्सचे काय होणार ते ठरते. खेळणाऱ्याला याचा पत्ताही नसतो.

ज्यांना शेवट आधी कळायला नको, त्यांनी पुढचा परिच्छेद गाळावा.

मेरी आजाराने गेलेली नसते. जेम्सनेच तिच्या तोंडावर उशी दाबलेली असते, आणि ते तो स्वतःपासून लपवून बसलेला असतो. तिच्यावर प्रेम होते, आणि तिच्या आजारपणाचा वीटही आला होता. दोन्ही खरे. आजाऱ्याची सेवा करणारा थकतो, चिडतो, 'आता सुटका व्हावी' असे त्याच्या मनात येऊन जाते, हे आपल्या घरांत कोणी मोठ्याने बोलत नाही. माझ्या वडिलांच्या शेवटच्या दोन वर्षांत मी इथून फोनवर "औषधं घेतली का?" विचारायचो, आणि आई तिकडे एकटी रात्री जागवायची. एकदाच ती म्हणाली, "दमले रे." मी विषय बदलला. हा खेळ विषय बदलत नाही. म्हणून तो माझ्या लेखी पहिल्याहून मोठा.

"भुताखेतांचे खेळ कसले खेळता!" म्हणणाऱ्या पालकांनाही एक विनंती. हा खेळ सतरा वर्षांखालच्या मुलांसाठी नाही, हे त्याच्या खोक्यावरच छापलेले असते, ते पाळा. पण कॉलेजातला मुलगा किंवा मुलगी २०२४ साली आलेली त्याची नवी आवृत्ती खेळत असेल, तर दार लावून घेऊ नका. शेजारी खुर्ची ओढून बसा. बोलायला विषय मिळेल, आणि तो टाळता येणार नाही.

आणि आमच्या स्नेह्यांना सांगणे एवढेच, की आधी दुसरा भाग शेवटपर्यंत खेळा. त्यानंतरही ती कढी शिळीच लागली, तर पुढच्या दिवाळीला माझ्या वाटणीचे श्रीखंड तुमचे.