हलक्या बोटांसाठी गिटार

गारगोटीच्या पावसाळ्यात सायंकाळचे फिरणे थांबते आणि बोटेही आखडू लागतात. अशा वेळी आपण वाद्य घेण्याचा विचार करीत असाल, तर मिरजेची सतार प्रथम आठवावी हे स्वाभाविकच. परंतु तिच्यासाठी मांडी घालून बसावे लागते आणि गुडघे ते मानत नाहीत. गिटार बिनहाताच्या खुर्चीत बसून वाजवता येते. त्यातही घोडीखाली पिकअप असलेली, माफक किमतीची इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटार घ्यावी. हळुवार छेडलेला स्वरही लहान अ‍ॅम्प्लिफायरमधून स्पष्ट ऐकू येतो. उजव्या हाताला जोर लावावा लागत नाही. डाव्या हाताचे कष्ट मात्र वीज कमी करीत नाही. त्यासाठी बारीक तारा बसवून त्या अर्ध्या स्वराने उतरवाव्यात. दुकानात रंग पाहू नका (तो नातू पाहीलच). तारा दांडीपासून फार उंच नाहीत ना, एवढे पाहा.

तारा बदलणे आणि केबल जोडणे हे सांभाळणाऱ्यांनी आपल्याकडे घ्यावे. वादनानंतर केबल काढली नाही, तर आतील ९ व्होल्टची बॅटरी उतरते. ओल धरणाऱ्या भिंतीला गिटार टेकवू नये.

आरंभी १० मिनिटे पुरेत. बोटांच्या टोकांची हुळहुळ काही आठवड्यांत ओसरते. सांधा सुजला वा ठणकू लागला, तर मात्र वादन थांबवून डॉक्टरांना दाखवावे.