पीकविमा मोबाइलवर आला, हिशेब मात्र दिसेना

मुकुटबनच्या आसपास, झरी जामणी तालुक्यात, पीकविमा म्हणजे आता मोबाइलचे काम झाले आहे. फार्मर आयडी, आधारशी जोडलेले बँक खाते, ई-पीक पाहणी. यातली एक कडी निसटली की विमाही निसटला.

ही कडक तपासणी उगाच आलेली नाही. 2023 च्या खरिपात राज्याने एक रुपयात विमा दिला आणि अर्जांचा पूर आला. सरकारी जमिनीवर, देवस्थानाच्या जमिनीवरही विमे निघाले. 2025 च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली. आता खरिपाला विमा रकमेच्या 2 टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना 5 टक्क्यांपर्यंत हप्ता आहे. बोगस अर्ज गाळायला तंत्रज्ञान हवेच होते. पण चाळणीत खरा शेतकरीही अडकतो. मक्त्याने शेती करणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते, त्याला नोंदणीकृत भाडेकरार मागितला जातो. आपल्याकडे मक्ता तोंडी ठरतो, हे कोणाला ठाऊक नाही?

भरपाई ठरते कशी?

पूर्वी गारपीट झाली, शेतात पाणी साचले तर 72 तासांत कळवून वैयक्तिक दावा करता येई. 2025 मध्ये राज्याने ते निकष वगळले. भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या मंडळाच्या सरासरी उत्पादनावर आली. समजा उंबरठा उत्पादन हेक्टरी 10 क्विंटल आहे आणि मंडळाची सरासरी 7 आली, तर विमा रकमेच्या 30 टक्के मिळतील. सरासरी 10 च्या वर गेली, तर तुमचे शेत कोरडे पडले असले तरी शून्य. शिवाय उंबरठाच मुळात मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीच्या 70 टक्क्यांवर धरला जातो.

या मोजणीत आता उपग्रहही आला आहे. ‘येस-टेक’ पद्धतीत 2023 च्या खरिपापासून देशात भात आणि गव्हासाठी उपग्रहाच्या अंदाजाला किमान 30 टक्के वजन दिले गेले. पुढे सोयाबीनचीही भर पडली. कापणी प्रयोगातली माणसांची हातचलाखी यातून कमी होईल, हे मान्य. मात्र पावसाळ्यात ढगांमुळे साधी उपग्रह छायाचित्रे मिळत नाहीत. रडार ढगांतून पाहते, पण कपाशीच्या ओळींत तूर असली की नेमके पीक ओळखणे त्यालाही जड जाते.

रानडुकरांचे काय?

नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने वन्यप्राण्यांचे नुकसान 2026 च्या खरिपापासून विम्यात घेण्याचे जाहीर केले. जंगलालगतच्या या भागासाठी ही मोठी गोष्ट. अट अशी की 72 तासांत ॲपवर स्थाननोंद असलेला फोटो टाकायचा. प्राण्यांची यादी आणि जोखमीची क्षेत्रे राज्याने ठरवायची आहेत. त्यात झरी जामणी यायलाच हवा. आणि रेंज नसलेल्या वाडीपोडावरच्या कोलाम शेतकऱ्याने फोटो कुठून पाठवायचा? ऑफलाइन काढलेला, वेळेची नोंद असलेला फोटो ग्राह्य धरला पाहिजे.

शेतकऱ्याची प्रत्येक नोंद कंपनीला दिसते. कंपनीचा हिशेब शेतकऱ्याला दिसत नाही. मंडळाचे उंबरठा उत्पादन, कापणी प्रयोगाचे आकडे आणि उपग्रहाचा अंदाज ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, तेही पैसे जमा होण्याच्या आधी, म्हणजे हरकत घेता येईल. तोवर तक्रारीसाठी 14447 हा क्रमांक आहे; फोन केल्यावर तक्रार क्रमांक लिहून ठेवा.