मोबाईलवरील मुलाखत आणि उस्तादांची जबाबदारी



हातात हुनर असलेला मुलगा पाच मिनिटांच्या मुलाखतीत मागे पडतो, तेव्हा त्याच्याइतकेच दुःख त्याला काम शिकविणाऱ्या उस्तादाला होते. २०२३ साली हा अनुभव मला आला. माझे चिपळूणला फ्रीज व एसी दुरुस्तीचे दुकान आहे. आयटीआय करून चार वर्षे माझ्याकडे काम केलेल्या एका मुलाला रियाधच्या एका कंपनीकडून मोबाईलवर मुलाखतीचा निरोप आला. वेळ सकाळी दहाची होती. पण ती रियाधची. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे चालते, म्हणजे तिथले दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेबारा झालेले असतात. मुलगा आपल्या दहा वाजता तयार होऊन बसला, तासभर वाट पाहिली आणि निराश होऊन गिऱ्हाइकाकडे कामाला निघून गेला.

साडेबाराला फोन वाजला तेव्हा तो शिडीवर उभा होता. पाठीमागे ऊन, त्यामुळे चेहरा काळा दिसत होता. शेजारी ड्रिल मशीनचा आवाज. तेवढ्यात दुसऱ्या सिमवर गिऱ्हाइकाचा फोन आला आणि मुलाखत तुटली ती तुटलीच. नंतर मी विचारले, “मला का नाही सांगितलेस?” तो खाली मान घालून म्हणाला, “उस्ताद, तुम्ही सोडले नसते.” त्याचे हे उत्तर मला लागले, कारण ते अगदीच खोटे नव्हते.

पूर्वी आखाती देशांतील नोकरीसाठी मुंबईला जावे लागे. रात्रीची गाडी, लॉजचे भाडे, दोन दिवसांची बुडालेली मजुरी, असा खर्च होई. पण त्या खर्चामुळेच माणूस मुलाखतीला महत्त्व देई. कपड्यांना इस्त्री करी, कागदपत्रे फाईलमध्ये लावी. २०२० च्या लॉकडाऊननंतर मोबाईलवरील मुलाखती सर्रास होऊ लागल्या. खर्च वाचला ही चांगली गोष्ट झाली; परंतु खर्चाबरोबर तयारीही गेली. खिशातल्या फोनवर होते ती मुलाखत नव्हे, नुसते बोलणे, असा आपला समज झाला आहे. समोरचा मालक मात्र तेवढ्यावरूनच निवड करतो.

काही जुने उस्ताद म्हणतात, “हुनर हातात असते, ते फोनवर काय दिसणार?” माझे मत वेगळे आहे. आर-३२ आणि आर-४१०ए या गॅसमध्ये फरक काय, गॅस भरण्यापूर्वी व्हॅक्यूम का करायचा, हे प्रश्न फोनवरही विचारले जातात आणि जाणकाराचे उत्तर लगेच ओळखू येते. तांब्याच्या पाइपला फ्लेअर काढून दाखव म्हटले, तर हातही दिसतात. मात्र पान्याची जागा, प्रकाश आणि फोनची मांडणी अगोदर ठरलेली हवी.

तयारी फार मोठी नाही. फोन स्टँडवर किंवा विटांच्या थरावर डोळ्यांच्या उंचीला ठेवावा. हातात धरू नये. उजेड समोरून यावा, खिडकी पाठीमागे नसावी. तासाभराच्या व्हिडिओला साधारण अर्धा ते दीड जीबी डेटा लागतो. रोज दीड जीबीचे पॅक असेल, तर त्या दिवशी सकाळपासून व्हिडिओ पाहू नयेत. पॅक संपले की वेग इतका उतरतो की चित्र दिसत नाही. सर्वात उत्तम म्हणजे फोन फ्लाइट मोडवर टाकून वायफाय चालू करावे व दुसऱ्याच्या फोनचा हॉटस्पॉट घ्यावा. मग मध्येच कोणाचा फोन येत नाही. कागदपत्र दाखवताना आपल्या पडद्यावर अक्षरे उलटी दिसतात, म्हणून गोंधळू नये. समोरच्याला ती सरळच दिसतात. वेळ कोणत्या देशाची, हे आधी विचारून घ्यावे. सौदी, कुवेत, कतार अडीच तास मागे. दुबई व मस्कत दीड तास. सौदीत शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, त्यामुळे आपल्या रविवारीही मुलाखत ठेवली जाते.

एक सावधगिरीही हवी. मुलाखत फोनवर झाली म्हणून पैसेही फोनवरच पाठवायचे, असे नाही. एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का, हे ई-मायग्रेटच्या यादीत पाहावे. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. घेतलेल्या पैशाची पावती मागावी. ‘आधी व्हिजिट व्हिसावर या, कामाचा व्हिसा नंतर करू’ असे कोणी म्हटले, तर तिथेच थांबावे. फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

आता माझे मुख्य म्हणणे दुकानदार बंधूंना आहे. आपल्या हाताखालच्या बहुतेक मुलांच्या घरी एकच खोली असते. तिथे शांत कोपरा कुठून आणायचा? तो कोपरा आपल्या दुकानात आहे. मुलाखतीच्या दिवशी एक तास शटर अर्धे ओढावे, अवजारे मांडून द्यावीत, आपल्या फोनचा हॉटस्पॉट द्यावा. आदल्या दिवशी स्वतः समोर बसून दहा प्रश्न विचारावेत. चांगला कारागीर निघून जाईल ही भीती खरी आहे, मलाही ती वाटते. पण जाणारा लपूनछपून जातोच, आणि जाता न आलेला मनातून आपल्याकडे राहत नाही.

त्या मुलाची दुसरी मुलाखत पुढच्या वर्षी माझ्या दुकानात झाली. प्रश्न मीच विचारून घेतले होते. आज तो दोहात आहे, आणि त्याच्या जागी त्यानेच पाठवलेला त्याचा धाकटा भाऊ माझ्याकडे काम शिकतो आहे.