महागड्या प्रीॲम्पची वाट पाहू नका

घरच्या घरी ध्वनिमुद्रण करू पाहणाऱ्याला आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो प्रीॲम्पचा. ‘माइक कुठलाही चालेल, पण प्रीॲम्प स्वस्तातला घेतलास तर आवाज पत्र्यासारखा येईल.’ ‘इंटरफेसमधल्या प्रीॲम्पवर खरं काम होत नाही.’ ‘थांब, पैसे साठव, एकदाच चांगलं घे.’ पनवेल, कामोठे, खांदा कॉलनीपासून उरणपर्यंतच्या पट्ट्यात भजनी मंडळं आहेत, आगरी-कोळी गाणी स्वतः बांधून स्वतःच प्रसिद्ध करणारी मुलं आहेत, पुस्तकं वाचून मुद्रित करणारी माणसं आहेत. त्यांच्यापैकी अनेकजण या सल्ल्यापायी हात बांधून बसले आहेत. हा सल्ला चुकीचा आहे आणि त्याने नुकसान होतं, असं माझं ठाम म्हणणं आहे.

आधी प्रीॲम्प करतो काय ते पाहू. शूर एसएम ५८ हा भजनापासून सभेपर्यंत सगळीकडे दिसणारा माइक. त्याच्यापाशी ९४ डेसिबलचा, म्हणजे चांगला खणखणीत आवाज पोचला, तर त्यातून जेमतेम १.८५ मिलिव्होल्ट बाहेर पडतात. मुद्रणासाठी ते शेकडो पटींनी वाढवावे लागतात; हळू बोलणाऱ्याचा आवाज असेल तर हजार पट, म्हणजे ६० डेसिबल. ही वाढ (गेन) करताना प्रीॲम्प स्वतःची थोडी सळसळ त्यात मिसळतो. ती इनपुटपाशी किती भरते याचा आकडा उत्पादक डीबीयू या एककात छापतात. उणे चिन्हापुढचा आकडा जितका मोठा, तितकी सळसळ कमी.

पूर्वपक्षाचा पहिला मुद्दा या सळसळीचाच आहे: स्वस्त प्रीॲम्प हिस करतो. वीस वर्षांपूर्वी हे बऱ्याच अंशी खरं होतं. आज छापील आकडे काय सांगतात? फोकसराइट स्कार्लेट २आय२ या इंटरफेसच्या (माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या यंत्राच्या) तिसऱ्या पिढीचा आकडा उणे १२८ डीबीयू, मोटू एम२ चा उणे १२९. आणि ज्याचं नाव घेताना लोक कानाला हात लावतात त्या नीव्ह १०७३ चा, १९७० साली आलेल्या त्या रचनेचा, ६० डेसिबल गेनला उणे १२५. तुलना सरळ करायची तर एक खुलासा आवश्यक आहे. पहिले दोन आकडे कानाच्या संवेदनेप्रमाणे भारित केलेले आहेत आणि त्यामुळे ते दोनेक डेसिबलने चांगले दिसतात. तो फरक वजा केला तरी काही हजारांचं यंत्र आणि लाखांच्या घरातलं यंत्र सळसळीच्या बाबतीत एकाच पायरीवर उभी राहतात.

याचं कारण भौतिकशास्त्रात आहे. माइकच्या आतला १५० ओहमचा रोध नुसता खोलीच्या तापमानाला असला तरी इलेक्ट्रॉनांच्या हालचालीमुळे सुमारे उणे १३१ डीबीयू इतका गोंगाट करतोच. जगातलं कोणतंही यंत्र त्याच्या खाली जाऊ शकत नाही. म्हणजे शांततेच्या नावाखाली जे विकलं जातं ते फार तर चार-पाच डेसिबल.

आता हा हिशेब पनवेलच्या खोलीत मांडू. एसएम ५८ आणि उणे १२८ चा प्रीॲम्प ही जोडी धरली, तर प्रीॲम्पची सळसळ माइकसमोरच्या १८-१९ डेसिबलच्या आवाजाइतकी ठरते. रोड एनटी१-ए सारखा कंडेन्सर माइक लावला, तर माइक स्वतःच ९४ डेसिबलला २५ मिलिव्होल्ट देतो आणि प्रीॲम्पची सळसळ माइकच्या अंगच्या ५ डेसिबलच्याही खाली बुडते. आणि खोली? पंखा चालू असलेली, खिडकी लावलेली राहती खोली सहज ३५-४० डेसिबलला असते. त्यात कळंबोलीकडून येणारे ट्रक, जंक्शनवरच्या गाड्यांचे भोंगे, शेजारचा कुकर, आणि डिसेंबर २०२५ पासून विमानंही. तुमच्या मुद्रणात जी सळसळ ऐकू येते ती जवळजवळ नेहमी या खोलीची असते. लाखाचा प्रीॲम्प ती अधिक इमानाने टिपेल, एवढंच.

माइक तोंडापासून ३० सेंटीमीटरवर असेल तर तो १५ वर आणा. आवाज ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा गोंगाट आहे तिथेच राहतो. सगळ्या महागड्या यंत्रांनी मिळून जे चार-पाच डेसिबल देऊ केले होते, त्याहून जास्त लाभ एक पैसाही न देता झाला. टेकपुरता पंखाही बंद करा. मे महिन्यात पनवेलमध्ये पंखा बंद करून गाणं म्हणजे शिक्षा आहे हे मान्य, पण तीन-चार मिनिटांचा एक टेक तेवढ्यात होतो.

दुसरा मुद्दा जास्त मोहक आहे: आवाजातली ऊब. जुन्या प्रीॲम्पमधल्या ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडातून मोठा सिग्नल गेला की त्यात स्वरांश मिसळतात आणि ते कानाला सुखावतात, हे मला पूर्ण मान्य आहे. त्यात भोंदूपणा नाही. मात्र हा परिणाम यंत्राला जोर देऊन चालवलं तरच ठळक होतो. साध्या गेनला तो इतका बारीक असतो, की माइक चार बोटं मागेपुढे झाला तर त्याहून मोठा फरक पडतो. एका दिशेने ऐकणाऱ्या माइकजवळ तोंड नेलं की खर्ज आपोआप भरतो. ही ऊब फुकट आहे.

उलट आपल्या सदनिकांमधली खोली आवाजाचं काय करते ते कुणी सांगत नाही. दहा बाय दहाची चौरस खोली, खाली टाइल्स, वर स्लॅब, चारी बाजूंना गुळगुळीत प्लास्टर. अशा खोलीत ५६ हर्ट्झ आणि त्याच्या दुप्पट ११२ हर्ट्झ हे स्वर समोरासमोरच्या भिंतींमध्ये घुमतात, आणि लांबी-रुंदी सारखी असल्याने दोन्ही दिशांनी घुमतात. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर नेमका ११२ च्या आसपास असतो. मग आवाज ‘डब्यातला’ येतो आणि दोष प्रीॲम्पच्या माथी मारला जातो. माइकच्या मागे आणि गाणाऱ्याच्या पाठीशी दोन जाड गोधड्या टांगा, कपड्यांचं कपाट उघडं ठेवा, खोलीच्या अगदी मध्यावर उभे राहू नका. गोधड्यांनी खर्जाची घूम पुरती जात नाही, टाइल्सवरून उसळणारा कर्कशपणा मात्र जातो. खर्जासाठी कोपऱ्यात गाद्या उभ्या कराव्या लागतात, आणि तेही घरात असलेलंच सामान आहे.

तिसरा मुद्दा अधिकाराचा: मोठे स्टुडिओ वापरतात ते वेडे आहेत का? मुळीच नाहीत. त्यांची खोली आधीच बांधून झालेली असते. एकाच वेळी वीस माइक लावायचे असतात आणि रोजच्या वापराने त्या यंत्राची किंमत वसूल होते. त्यांचा शेवटचा खर्च आपण पहिला करावा, हे कुठलं शहाणपण? इतिहास पाहा. १९०२ साली फ्रेड गायसबर्गने कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं ते एका हॉटेलच्या खोलीत, कर्ण्यासमोर, विजेच्या वर्धनाशिवाय. विद्युत मुद्रण आलं १९२५ मध्ये. तोवरच्या पिढीचं जे गाणं आज आपल्यापाशी आहे, ते सगळं प्रीॲम्पवाचून उरलेलं आहे. आणि महाराष्ट्रातच, गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पाने जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतल्या कित्येक गावोगावच्या घरांतच मुद्रित झाल्या. त्या बायकांना स्टुडिओत आणायची वाट पाहिली असती तर त्या ओव्या आज ऐकू आल्या नसत्या.

वेगळा प्रीॲम्प खरोखर लागतो अशी उदाहरणं आहेत. रिबन माइक, दूरवरून टिपायचं हळुवार वाद्य, किंवा शूर एसएम७बी, जो एसएम ५८ पेक्षाही अशक्त सिग्नल देतो आणि त्याला ६० डेसिबलच्या आसपास गेन लागतो. जुन्या इंटरफेसचा गेन ४५-५० ला संपतो आणि बटण शेवटापर्यंत पिळलं की हिस येते. पण त्यावर उतारा आहे तो फँटमवर, म्हणजे माइकच्या केबलमधूनच येणाऱ्या विजेवर चालणारा, २५ डेसिबल वाढ देणारा छोटा बूस्टर. लाखाचं यंत्र तिथेही लागत नाही.

तेव्हा घेताना पाहायचं ते असं. गेन किमान ५६ डेसिबल, एसएम ५८ सारखा डायनॅमिक माइक वापरणार असाल तर ६० च्या आसपास. सळसळीचा आकडा उणे १२५ किंवा त्याहून चांगला. फँटम पुरे ४८ व्होल्टचं. माइकची इनपुटं दोन, कारण पेटी आणि गळा यांना वेगळा माइक देण्याची वेळ आज ना उद्या येतेच. डायरेक्ट मॉनिटरिंग असावं, म्हणजे हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर स्वस्त मिळालं तरी वॉरंटी भारतातली आहे का ते विचारा. स्कार्लेट, मोटू, ऑडियंटची ईव्हो मालिका, यांपैकी कुठलंही घ्या. त्यांच्यातल्या फरकावर रात्री जागवू नका.

उरलेले पैसे आधी इलेक्ट्रिशियनला द्या. घरातल्या सॉकेटला अर्थिंग नसेल तर ५० हर्ट्झची घूं घूं येते, लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, आणि कुठलाही प्रीॲम्प ती थांबवू शकत नाही. मग एक वजनदार स्टँड, पॉप फिल्टर, बऱ्यापैकी केबल. आणि पावसाळ्यासाठी हवाबंद डबा व सिलिका जेलच्या पुड्या, कारण दमट हवेत कंडेन्सर माइक चरचरतो.

हे तातडीने सांगावंसं वाटतं ते धवल्यांमुळे. आगरी लग्नात विधी सांगत धवले गाणाऱ्या धवलारणी पनवेल-उरणच्या गावांत अजून आहेत, पण बहुतेक वयस्क. त्यांच्या नातवंडांपाशी आज लॅपटॉप आहे. दोन इनपुटांचा इंटरफेस घ्या, एक माइक आजीसमोर एका वितीवर, तोंडाच्या जरा बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’ फुटणार नाहीत. साथीला म्हणणारी दुसरी बाई असेल तर दुसरा माइक तिला, दोघींत हातभर अंतर ठेवून. ८० हर्ट्झच्या खालचं कापणारं बटण असेल तर दाबा, म्हणजे ट्रकची धडधड जाईल. मुद्रण २४ बिटवर करा आणि आवाजाची शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. आजी एकदम वरच्या पट्टीत गेल्या तरी जागा उरते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पहिला धवला संपला की फाइल दोन ठिकाणी उतरवा आणि मगच दुसरा म्हणायला सांगा.