मुक्या इंजिनाला कंठ फुटला

मैत्रिणींनो, या सदरात आजवर आपण मिक्सरचं पातं, गळका नळ, इस्त्रीची वायर असल्याच दुरुस्त्या पाहिल्या. आज जरा वेगळीच वस्तू हाती घेते आहे. वस्तू आहे रेल्वेचं इंजिन. घाबरू नका, वीतभर लांबीचं आहे आणि शिवणाच्या डब्यात मावतं.

आमचे सासरे, नाना, रेल्वेत ड्रायव्हर होते. मिरज ते पुणे हा त्यांचा मार्ग. २०११ साली निवृत्त झाले. घर मिरजेत, रुळांपासून हाकेच्या अंतरावर. नानांना घड्याळ लागत नसे. अंथरुणातूनच सांगायचे, मालगाडी आहे, भरलेली आहे, आणि ड्रायव्हर नवशिका आहे. मग दोन गोष्टी एकापाठोपाठ झाल्या. नानांचे कान जाऊ लागले. अख्खी नोकरी डिझेल इंजिनाच्या केबिनमध्ये काढल्यावर कानांनी तरी किती साथ द्यायची? आणि आमच्या मार्गावर विजेची इंजिनं आली. "गाडी आली कधी नि गेली कधी, कळतच नाही," असं एकदा म्हणाले आणि पुढे तो विषयही काढीनासे झाले. बोलणं जेवढ्यास तेवढं. सूनबाई, चहा. सूनबाई, पेपर. श्रवणयंत्र आणलं, ते कपाटात आहे. त्यात म्हणे फक्त भांड्यांचाच आवाज येतो.

अशात आमचे धाकटे भावजी अमेरिकेहून आले आणि नानांसाठी खेळातलं इंजिन घेऊन आले. खेळातलं म्हणजे अगदी हुबेहूब, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचं. अल्को कंपनीचं सेंच्युरी ४२४. पहिला ४ म्हणजे चार आस, पुढचे २४ म्हणजे चोवीसशे अश्वशक्ती. भावजींनी निवड विचारपूर्वक केली होती. नानांनी आयुष्यभर चालवलं ते डब्ल्यूडीएम-२, तेही मूळ अल्कोचंच. पहिली इंजिनं १९६२ साली अमेरिकेहून आली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली. अल्कोने स्वतः १९६९ मध्ये इंजिनं करणं सोडलं, पण आपल्याकडे त्यांचा संसार पुढे कितीतरी वर्षं चालला. दोन्हींच्या पोटात एकाच घराण्याचं सोळा सिलिंडरचं यंत्र. म्हणजे चुलत भावंडंच म्हणा ना.

नानांनी इंजिन हातात घेतलं, उलटं करून पाहिलं. "आपल्याला सहा आस होते, याला चारच." रुळांच्या वाटोळ्यावर ते दोन फेऱ्या फिरलं. नाना म्हणाले, "छान आहे. पण मुकं आहे." आणि पेपर उचलला.

ते "मुकं आहे" माझ्या डोक्यात राहिलं. पुण्याला कोथरूडमध्ये १९९८ पासून जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथे मुलांना नेलं होतं, तेव्हापासून या छंदाविषयी थोडंफार वाचत होते. त्यावरून कळलं होतं की असल्या इंजिनाच्या पोटात आवाजाचा डिकोडर बसवता येतो. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "तुझा पगार, तू बघ." माझा पगार म्हणजे शाळेतल्या तासिकांचा. डिकोडरची किंमत दहा हजारांच्या वर. किती तासिका झाल्या, ते मी मोजलं नाही.

आधी हे प्रकरण काय आहे ते सांगते. साध्या खेळण्यात रुळांतून येणारी वीज सरळ मोटरला जाते. वीज वाढवली की इंजिन पळतं, थांबवली की थांबतं. डिजिटल पद्धतीत रुळांत पंधरा व्होल्टच्या आसपास वीज सतत असते, इंजिन उभं असलं तरी. त्या विजेची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटते आणि उलटण्याच्या लांब-आखूड ठेक्यात हुकूम दडलेला असतो. डिकोडर हा ठेका ओळखतो. प्रत्येक डिकोडरला आपला नंबर असतो, वर्गातल्या हजेरीसारखा. दुसऱ्याचा नंबर पुकारला की तो गप्प बसतो, आपला पुकारला की कामाला लागतो. कारखान्यातून येताना बहुधा सगळ्यांचा नंबर ३ असतो. आवाजाच्या डिकोडरमध्ये खऱ्या इंजिनाजवळ जाऊन ध्वनिमुद्रित केलेले आवाजही भरलेले असतात. उभ्या इंजिनाची घरघर, वेग घेतानाचा प्रत्येक टप्पा, भोंगा, ब्रेकचं करकरणं, सगळं. मी अल्कोच्या याच जातीच्या यंत्राचा आवाज भरलेला लोकसाउंड मागवला. पट्टी केवढी, तर बोटाच्या पेराहून जराशी मोठी.

नव्या इंजिनांत डिकोडरसाठी खाच तयार असते, आठ टोकांचा प्लग दाबला की झालं. तो उलटा बसला तर इंजिन चालतं, पण दिवे लागत नाहीत. मग नुसता फिरवून बसवायचा. आमचं इंजिन जुन्या घडणीचं, तेव्हा तारा एकेक जोडणं आलं. तारांचे रंग ठरलेले आहेत. लाल उजव्या रुळाची, काळी डाव्या रुळाची, नारिंगी आणि करडी मोटरची, पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या, निळी दोन्ही दिव्यांना सामाईक. तपकिरी दोन स्पीकरला जातात. साडीला मॅचिंग धागा शोधणाऱ्या बाईला यात कठीण ते काय! असं मला वाटलं, आणि तिथेच मी फसले.

जुन्या इंजिनांत मोटरचं एक टोक धातूच्या सांगाड्याला टेकलेलं असतं आणि सांगाडा एका रुळाला जोडलेला. साध्या विजेवर ते चालून जातं. डिकोडर बसवताना मात्र मोटर सांगाड्यापासून पूर्ण सुटी हवी, नाहीतर रुळांतली वीज उलट्या वाटेने डिकोडरच्या मोटरच्या भागात घुसते. मीटर लावून तपासायचं असतं. मोटरच्या दोन्ही टोकांपासून सांगाड्यापर्यंत आणि चाकांपर्यंत कुठेही पीं वाजता कामा नये. मी एकच टोक तपासलं. दुसरं राहिलं, कारण दारात दूधवाला आला. जोडणी झाली, वीज सोडली, बारीकसा धूर आणि जळका वास. बस्स.

घरात कोणाला बोलले नाही. जळका डिकोडर मेथीदाण्याच्या रिकाम्या डब्यात टाकला. ह्यांना चौथ्या दिवशी सांगितलं. ते काही म्हणाले नाहीत, याचंच जास्त लागलं. दुसरा डिकोडर भिशीच्या पैशातून आणला.

दुसऱ्यांदा मात्र घाई केली नाही. मोटरची दोन्ही टोकं सुटी केली, खाली प्लॅस्टिकची पट्टी दिली, दोनदोनदा तपासलं. ही कामं परातीत करावी, म्हणजे स्क्रू घरंगळत नाहीत. काढलेले स्क्रू मी हळदीकुंकवाच्या कोयरीत ठेवले, पुढचे एका वाटीत, मागचे दुसऱ्या. प्रत्येक सांध्यावर आकसणारी नळी आधीच तारेत ओवून ठेवायची. जोडून झाल्यावर आठवण झाली तर सांधा परत सोडवावा लागतो. सोल्डरिंगच्या तारेत शिसं असू शकतं. स्वयंपाकघरात हे काम करू नका आणि नंतर हात साबणाने धुवा. तार कवचाच्या काठात चिमटत नाही ना, हेही पाहायचं.

स्पीकर नुसता चिकटवून भागत नाही. त्याच्या पुढून आवाज निघतो तसा मागूनही निघतो, आणि मोकळा सोडला तर दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. डास गुणगुणल्यासारखं ऐकू येतं. म्हणून मागे बंद पेटी लागते, फटी गोंदाने लिंपलेली. तंबोऱ्याच्या गावात राहून पोकळीचं महत्त्व मला कोणी शिकवायला नको होतं!

मग प्रोग्रामिंग. नाव मोठं आहे, काम सोपं. डिकोडरमध्ये हजाराच्या वर नंबर घातलेले कप्पे आहेत, त्यांना सीव्ही म्हणतात. प्रत्येक कप्प्यात एक आकडा ठेवायचा. सीव्ही १ मध्ये इंजिनाचा नंबर, ३ मध्ये वेग किती सावकाश वाढावा, ४ मध्ये किती सावकाश थांबावं. आमच्या डिकोडरमध्ये ६३ म्हणजे एकूण आवाज, शून्य ते १९२. सगळा गोंधळ झालाच तर ८ नंबरच्या कप्प्यात ८ लिहायचं, की डिकोडर माहेरून आला तसा कोरा होतो. हे काम रुळाच्या वेगळ्या तुकड्यावर करतात, तिथे वीज अगदी जपून सोडलेली असते. जोडणीत चूक असली तर तिथेच कळते आणि काही जळत नाही. कवच लावायच्या आधी हा फेरा करायचा. पहिल्या खेपेला मी तो टाळला होता. कप्प्यातला आकडा विचारला की डिकोडर मोटरला हलकासा धक्का देतो, इंजिन जागच्या जागी थरथरतं, तेच त्याचं उत्तर.

रविवारी सगळ्यांना बोलावलं. बटण दाबलं. इंजिन सुरू झालं, भोंगा वाजला, मुलांनी टाळ्या पिटल्या. नाना इंजिनाकडे पाहत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "केलंस का सुरू?"

मी आत जाऊन कुकर लावला.

रात्री विचार केला. गोंगाटात काम केलेल्यांचे कान आधी बारीक, उंच आवाजाला जातात. जाड, खालचे आवाज त्या मानाने टिकतात. आणि अंगठ्याच्या नखाएवढा स्पीकर देतो ते नेमके उंच आवाज. खालची धडधड त्याच्याकडून निघतच नाही. नानांचं जे शिल्लक होतं तेच माझ्या इंजिनाकडे नव्हतं. मोठा स्पीकर इंजिनात मावणार नाही. इंजिनाबाहेर ठेवायचा तर त्याला आवाज देणार कोण?

मेथीदाण्याचा डबा आठवला. डिकोडरचा मोटरचा भाग जळला होता. आवाजाचा भाग? बाहेर काढून रुळांना लाल-काळी तार जोडली, तपकिरी तारांना स्पीकर. हुकूम दिला आणि तो घुमला! मोटर नसल्यामुळे तो उत्तर देऊ शकत नाही, आकडा विचारला तर कंट्रोलर चूक दाखवतो. पण लिहिलेलं घेतो. तेव्हा आंधळेपणाने त्यालाही ३ नंबरच दिला आणि वेग वाढण्याचे-थांबण्याचे आकडे इंजिनातल्यासारखेच भरले. आता एक हुकूम दिला की दोघं ऐकतात. एक इंजिन चालवतो, दुसरा खालून बोलतो. जुन्या टीव्हीचा आठ ओहमचा स्पीकर होता. (किती ओहमचा चालतो ते डिकोडरच्या कागदावर पाहूनच लावा.) धान्याची जुनी शिसवी पेटी रिकामी केली, एका बाजूला भोक पाडून स्पीकर आतून बसवला, फटी बुजवल्या आणि वर रूळ मांडले.

संध्याकाळी नाना चहाला आले. मी काही न बोलता बटण दाबलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि पेटीवर तळवा टेकवला. बराच वेळ तसाच. मग म्हणाले, "हे आयडलला आहे. पुढे घे."

मी पुढे घेतलं. इंजिन टुणकन सुटलं.

"अगं, अशी सुटते का गाडी? मागे काही भार आहे की नाही?"

त्या दिवसापासून मला फुरसत नाही. आधी यंत्र जोर धरतं, टर्बो उशिरा जागा होतो, तोवर काळा धूर निघतो आणि मग कुठे चाक हलतं, हे मला तेव्हा समजलं. सीव्ही ३ मी वीसवरून साठवर नेला, तेव्हा "शिंदवण्याच्या घाटात चालेल" असं प्रशस्तिपत्र मिळालं. थ्रॉटलचे आठ नॉच ते तळव्याने मोजतात. घंटेचं बटण चुकून दाबलं गेलं तर रागावतात, "देवळात आहोत का? आपल्या इंजिनाला घंटा नसते." अमेरिकन इंजिनाला असते, काय करणार! तिचा आवाज मी शून्य केला आहे. भोंगाही परका आहे, तो मात्र बदलता आलेला नाही आणि त्याबद्दल रोज एकदा ऐकावं लागतं.

रूळ मळले की आवाज तुटतो, म्हणून ते अल्कोहोलच्या बोळ्याने पुसावे लागतात. धोतराचं जुनं पान फाडून ते काम नानांनी स्वतःकडे घेतलं आहे. काल त्यांनी विचारलं, "इंजिन मागे घेताना मागचा दिवा का लागत नाही?" पिवळी तार जोडायची राहिली आहे. शनिवारी शाळा अर्धा दिवस आहे, तेव्हा बसेन.