घाबरलीस म्हणून दुखलं?

"पेशंट फार टेन्शन घेते, म्हणून दुखतं तिला." तांबी बसवताना, पिशवी साफ करताना किंवा तपासायला पिशवीचा तुकडा काढताना आमच्या परभणीकडच्या किती बायकांनी हे ऐकलं असेल, देव जाणे. गंमत म्हणजे त्यात शास्त्राची चूक नाही. धास्ती असली की ओटीपोटाचे स्नायू आवळतात, सगळं लक्ष दुखण्यावर खिळतं आणि कळ वाढते. तांबी आणि दुर्बिणीच्या तपासणीवरच्या अभ्यासांत हे पुन्हापुन्हा दिसलंय.

माझं भांडण पुढच्या पायरीशी आहे. कारण कळलं, मग उपाय काय? तर तिच्यावरच डाफरायचं! आमच्या धंद्यात प्रोग्रॅम कोसळला की "युजरच गाढव" म्हणणारे महाभाग असतात, तसलाच प्रकार. अहो, गर्भाशयाचं तोंड चिमट्यानं धरल्यावर दुखतं ते खरंच दुखतं. भीती त्यात भर घालते. आणि ही भीती बाई काय घरून डब्यात घालून आणते? बरीचशी तर ओपीडीतच तयार होते.

पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जायला लागलं म्हणून मावशीला घेऊन मी तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात गेले होते. अडीच तास बाकावर. आतून दुसऱ्या बाईचं कण्हणं ऐकू येतंय, पडदा अर्धा सरकलेला. काय करणार, किती वेळ लागणार, कुणी सांगेना. शेवटी सिस्टर म्हणाल्या, "भिऊ नको माय, काही दुखत नाही." दुखलं. वर तुकडा पुरेसा आला नाही, परत या म्हणाले. मावशी परत गेलेली नाही. असं रक्त जाणं कॅन्सरचंही लक्षण असू शकतं, हे तिला माहीत आहे. तरी नाही.

राणी आणि अभय बंग यांचा गडचिरोलीतला अभ्यास १९८९ साली लॅन्सेटमध्ये आला. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग, आणि आधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. इतक्या मुश्किलीनं दारात आलेली बाई आपण "काही दुखत नाही" म्हणून घालवायची?

गर्दी असते, मान्य. पण लिग्नोकेन काही दुर्मिळ औषध नाही, टाके घालताना तेच वापरतात. गर्भाशयाच्या तोंडाशी ते दिलं तर तांबीचं दुखणं कमी होऊ शकतं (इंजेक्शनही टोचतं, तेही सांगा!). २०२४ साली अमेरिकेच्या सीडीसीनंही तांबीआधी प्रत्येकीशी दुखण्याबद्दल बोला, असं सांगितलं. "थोडं दुखेल, नको वाटलं तर हात वर कर, मी थांबते," एवढं म्हणायला पाच-सहा सेकंद लागतात. आणि २०१६ पासून केंद्र सरकार सरकारी दवाखान्यात बाळंतपणाला सोबतीण चालेल म्हणतंय, मग दहा मिनिटांच्या तपासणीला "नातेवाईक बाहेर थांबा" कशासाठी?